भार घेतला की पिकअप तापते: कुठून बघायला सुरुवात करायची

रिकामी पिकअप दिवसभर पळवा, तापमानाचा काटा जागचा हलत नाही. मागे माल भरला आणि लांबचा चढ लागला की पाच-सात मिनिटांत तोच काटा वर सरकायला लागतो. उतार आला की पुन्हा खाली. गॅरेजमध्ये नेली की तिथे ती उभ्या उभ्या अर्धा तास चालू ठेवून बघतात, काही होत नाही, आणि गाडी "ठीक आहे" म्हणून परत येते. हा दोष मी माझ्या दोन पिकअपवर आणि ओळखीच्यांच्या बऱ्याच गाड्यांवर काढला आहे. कारण बहुतेक वेळा स्वस्तातलं निघतं, पण शोध महागड्या टोकाकडून सुरू झालेला असतो. माझ्या पहिल्या गाडीत थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडची पाण्याची वाट उघडणारी झडप) दोनदा आणि वॉटर पंप (ते पाणी फिरवणारा) एकदा बदलून झाला. दोष होता रेडिएटरच्या पुढ्यात साचलेला कचरा.

आधी लक्षणं लिहून काढा

पाना हातात घेण्याआधी गाडी नेमकी कधी तापते ते दोन-तीन दिवस टिपून ठेवा. अर्धा शोध तिथेच लागतो.

- गर्दीत किंवा उभी असताना तापते, वेग घेतला की निवळते: हवा ओढणारा पंखा कमी पडतोय.
- उभी असताना ठीक, पण भाराने चढावर किंवा सलग वेगात तापते: रेडिएटरमधून हवा किंवा पाणी पुरेसं जात नाही, किंवा इंजिनावर नको तो ताण आहे.
- थंड गाडी सुरू केल्यावर चार-पाच मिनिटांतच काटा लालकडे जातो: पाणी कमी आहे, आत हवा अडकली आहे किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय.
- काटा वर आहे, पण केबिनचा हीटर थंड हवा फेकतो: पाणी हीटरपर्यंत पोहोचतच नाही. ही खूण दिसली की गाडी पुढे नेऊ नका.
- कुठेही ओल दिसत नाही, तरी दर आठवड्याला पाणी घालावं लागतं: हे सगळ्यात काळजीचं लक्षण. त्याबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

काट्यावर पूर्ण विसंबू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. इंजिनाचं तापमान दहा-वीस अंशांनी वरखाली झालं तरी तो हलत नाही. म्हणजे तो हलला, तेव्हा बराच उशीर झालेला असतो. उलटही होतं. पाणी इतकं उतरतं की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येतो. वर गेलेला काटा चढ संपलेला नसताना अचानक पडला, तर "निवळली" म्हणून पुढे जाऊ नका, लगेच बाजूला घ्या.

रस्त्यातच तापली तर

एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा पूर्ण जोरात लावा. हीटरचा गाभा म्हणजे छोटा रेडिएटरच असतो, तो थोडी उष्णता काढून घेतो. सुरक्षित जागी थांबा. वाफ येत नसेल आणि पाणी सांडत नसेल तर इंजिन एक-दोन मिनिटं आयडलवर (रेस न देता) चालू राहू द्या, म्हणजे पाणी फिरत राहतं. वाफ किंवा गळती दिसली तर ताबडतोब बंद करा.

आणि टोपण उघडू नका. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळतं, पण रेडिएटरच्या टोपणाने साधारण १.१ बार दाब धरला की तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. टोपण सैल झालं की दाब जातो आणि ११० अंशांचं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. मी एकाचा कोपरापर्यंत भाजलेला हात बघितला आहे. त्यानेही टोपण कापड धरूनच फिरवलं होतं. रेडिएटरचा वरचा जाड होज (रबरी नळी) हाताला कोमट आणि दाबल्यावर मऊ लागेपर्यंत थांबा. त्याला तासभर लागू शकतो. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, त्याने हेडला (इंजिनाच्या सिलिंडरांवरच्या झाकणाला) तडा जाऊ शकतो.

१. पाण्याची पातळी, दोन्ही ठिकाणी

गाडी रात्रभर थंड झाल्यावर सकाळी बघा. रेडिएटरला बारीक नळीने जोडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. ज्या गाड्यांत रेडिएटरवर वेगळं टोपण असतं, तिथे ते उघडून आतही बघा. पाणी गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे. बाटली भरलेली आणि रेडिएटर दोन बोटं रिकामा, असं अनेकदा सापडतं. गाडी गार होताना रेडिएटर बाटलीतलं पाणी परत ओढून घेतो. टोपण किंवा त्या बारीक नळीत फट असेल तर तो पाण्याऐवजी हवा ओढतो आणि बाटली तशीच भरलेली राहते. फक्त बाटली बघणाऱ्याला हे कळतच नाही.

भरायचं ते गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचंच कूलंट (पाण्यात मिसळायचा गंजरोधक द्रव) आणि डिस्टिल्ड पाणी, सहसा निम्मं-निम्मं. रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, निळा हे सगळ्या कंपन्यांनी मिळून पाळलेले नियम नाहीत. वेगळ्या जातीचं कूलंट मिसळलं तर त्यातली गंजरोधक द्रव्यं लवकर संपतात. साधं नळाचं किंवा विहिरीचं पाणी वारंवार घातलं की नळ्यांत क्षार बसतात, आणि त्या क्षाराचा दोष आपण पुढे नवव्या पायरीवर महागात काढत बसतो. कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड असतं, जनावरं ते चाटतात. सांडलेलं लगेच पुसा, काढलेलं झाकणाच्या डब्यात भरा.

२. टोपण

या दोषात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते टोपणाकडे. ते फक्त झाकण नाही, दोन झडपांचं यंत्र आहे. मोठी झडप ठरलेला दाब धरते. मधली लहान झडप गाडी गार होताना पाणी आत परत येऊ देते. टोपणावर ०.९, १.१ असा आकडा असतो, तो गाडीला सांगितलेलाच हवा.

टोपण उलटं धरून रबर बघा. चिरलेलं, कडक झालेलं किंवा त्यावर गळ्याच्या कडेची खोल गोल खाच पडलेली असेल तर बदला. मधली लहान झडप नखाने हलके ओढा. ती सुटून परत बसली पाहिजे. ती अडकली असेल तर एक ठळक खूण दिसते. रात्रभर थंड झालेल्या गाडीचा होज सकाळी आत चिपकलेला असतो, जणू कोणी त्यातली हवा शोषून घेतली आहे. टोपण सैल करताच "फुस" होऊन तो पुन्हा फुगतो.

टोपण दाब धरत नसेल तर भार नसताना काही जाणवत नाही. भाराखाली मात्र हेडमधल्या सर्वांत गरम जागी, जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्वच्या आसपास, पाण्याचे बुडबुडे होऊ लागतात आणि ते पाणी बाटलीकडे ढकलतात. "गाडी पाणी फेकते" ही तक्रार घेऊन आलेल्या गाड्यांत मी आधी टोपण बदलतो. ते थोडक्यात येतं आणि नवं बसवून नुकसान काहीच होत नाही.

३. हवेची वाट

इथे वेळ द्या. बॅटरीवर चालणारी मोठी टॉर्च घ्या आणि अंधारात इंजिनच्या बाजूने रेडिएटरवर उजेड मारा. दुसऱ्याला समोरून जाळीतून बघायला सांगा. उजेड सारखा आरपार दिसला पाहिजे. समोरून जाळी स्वच्छ दिसली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नका. एसीच्या गाडीत पुढे एसीचा कंडेन्सर असतो, मागे रेडिएटर, आणि त्या दोघांमध्ये एक-दोन बोटांची फट. सगळा कचरा त्या फटीत जाऊन बसतो.

माझ्या गाडीत मी रेडिएटरचे वरचे दोन ब्रॅकेट सोडून तो मागे कलता केला, तेव्हा फटीतून घोंगडीच्या तुकड्यासारखा करडा थर निघाला. गवताचं कुसळ, धूळ, किडे, आणि इंजिनच्या तेलकट वाफेने हे सगळं एकमेकांत घट्ट बसलेलं. दोन बोटांनी धरून ओढला तर खालच्या अर्ध्या भागावरून तो सोललेल्या सालीसारखा सलग आला. म्हणजे निम्मा रेडिएटर त्या गाडीत नव्हताच. रिकाम्या गाडीला उरलेला निम्मा पुरत होता, भाराला पुरला नाही.

का पुरला नाही, तेही बघा. जळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश कूलंटमध्ये उतरते. भाराने चढताना इंधन कितीतरी पट जळतं, त्याच वेळी वेग कमी असल्याने समोरून येणारी हवाही कमी. म्हणून रेडिएटरची उणीव नेमकी चढावरच उघडी पडते.

धुताना इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, साध्या पाइपच्या पाण्याने धुवा. समोरून धुतलं तर कचरा आणखी आत जातो. जोराच्या प्रेशर वॉशरने पातळ पत्र्या आडव्या होतात आणि मग हवा कायमचीच अडते. वाकलेल्या पत्र्या बोथट सुरीने हलक्या हाताने सरळ करता येतात. एसीचे पाइप मात्र सोडू नका. त्यात दाबाखाली वायू असतो. पाइप न सोडता फट उघडत नसेल तर ते काम एसीवाल्याचं.

जाळीसमोर बसवलेले जादा दिवे, मोठा बंपर गार्ड, थंडीत लावलेला आणि काढायचा राहिलेला पुठ्ठा, हे सगळं उतरवून एकदा तोच चढ चढून बघा.

४. बेल्ट

इंजिन बंद, किल्ली खिशात. पंखा आणि पंप एकाच व्ही-बेल्टवर असतील तर दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण १० मिलिमीटर दबणं ठीक. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. कडा काचेसारख्या चकाकत असतील तर बेल्ट घसरतोय, आणि तो घसरतो ते भारावरच. रुंद, खाचांचा बेल्ट असेल तर ताण स्वयंचलित असतो. तिथे चिरा आणि तेलाचे डाग बघा.

५. पंखा आणि त्याचं आवरण

बऱ्याच पिकअपमध्ये पंखा इंजिनवरच, व्हिस्कस क्लचवर बसतो. क्लचच्या पुढच्या तोंडावर चपट्या पट्टीची गुंडाळी असते. रेडिएटरमधून आलेली हवा गरम झाली की ती पट्टी वळते, आतलं सिलिकॉन तेल मोकळं होतं आणि पंखा इंजिनबरोबर जोरात फिरू लागतो. थंड, बंद इंजिनावर पंखा हाताने फिरवा. हलका, चिकट अडथळा जाणवला पाहिजे. चांगली तापलेली गाडी बंद करून पुन्हा फिरवा. अडथळा स्पष्ट वाढलेला हवा. झटका दिल्यावर तो मोकळा गरगर फिरत राहिला, किंवा क्लचच्या मध्यापासून बाहेर तेलाचे ओघळ दिसले, तर क्लच गेला. चालू पंखा गुंडाळलेल्या कागदाने थांबवून बघण्याची जी पद्धत आहे ती करू नका.

पंखा विजेचा असेल तर एसी लावल्यावर तो सुरू होतो का ते बघा. नाही झाला तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला वीज जोडणारा छोटा स्विच). त्याच जातीचा दुसरा रिले शेजारीच असेल तर अदलाबदल करून दोन मिनिटांत उत्तर मिळतं. हा पंखा किल्ली काढल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरणही बघा. इंजिनचं काम झालेल्या गाड्यांत ते बऱ्याचदा तुटलेलं किंवा परत बसवलेलंच नसतं. आवरण नसलं की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची हवा नुसती घुसळतो.

६. होज

वरचा होज फुगलेला, खालचा मऊ झालेला आहे का ते दाबून बघा. खालचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. काही गाड्यांत तो आत ओढला जाऊ नये म्हणून त्यात तारेची स्प्रिंग घातलेली असते. ती गंजून गेली की आयडलवर सगळं ठीक दिसतं, पण रेस वाढवली की होज आत चिपकतो आणि पाणी थांबतं. मदतनीसाला रेस धरायला सांगून, पंख्यापासून लांब उभं राहून, टॉर्चने तो होज बघा.

७. इंजिनावरचा नको तो ताण

थोडक्यात. दहा किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ हात न्या, पण लावू नका. एक चाक इतरांपेक्षा बरंच गरम असेल तर ब्रेक धरून ठेवतोय. टायरमधली हवा, एअर फिल्टर आणि भार मर्यादेत आहे का, हेही याच फेरीत बघून घ्या. आणि चढावर गिअर लवकर उतरवा. वरच्या गिअरमध्ये रखडत चढताना पंप आणि पंखा दोन्ही हळू फिरतात.

८. थर्मोस्टॅट

इथून पुढे पाणी काढावं लागतं, म्हणून इतक्या उशिरा. थर्मोस्टॅटवर ८२ किंवा ८८ असा उघडण्याच्या तापमानाचा आकडा कोरलेला असतो. जुन्या भांड्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने तळाला न टेकवता लटकवा, शेजारी थर्मामीटर, आणि पाणी तापवा. आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि साधारण दहा-पंधरा अंश पुढे पूर्ण उघडलेला दिसला पाहिजे. अर्धवटच उघडणारा थर्मोस्टॅट रिकाम्या गाडीला चालतो, भाराला नाही. परत बसवताना त्यावरची लहान हलती पिन वरच्या बाजूला ठेवा, तिच्यातून हवा निघते.

"काढूनच टाका, कटकट नको" हा सल्ला मानू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याचीच खालची चकती बायपासची वाट बंद करते. तो काढला की गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो, आणि गाडी आणखी तापू शकते. एरवी ती गरजेपेक्षा थंड चालून झिजते आणि इंधन जास्त खाते.

भरताना गाडीचं नाक चढाकडे ठेवा, हीटर गरमवर, हवा काढायचा स्क्रू असेल तर सैल. पाणी सावकाश ओता आणि वरचा होज मधूनमधून दाबा. घाईने भरलेल्या गाडीत हवा अडकते आणि दुरुस्तीनंतरच गाडी जास्त तापू लागते.

९. रेडिएटर आतून

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर गाडी तापवून, बंद करून, रेडिएटरवर ओळीने मोजा. पाणी आत येतं तिथून बाहेर जातं तिकडे तापमान सावकाश उतरत गेलं पाहिजे. मध्येच थंड पट्टा सापडला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. चकचकीत धातूवर हे यंत्र चुकीचं दाखवतं, म्हणून काळ्या किंवा मळकट पृष्ठभागावर धरा. तांब्या-पितळेचा रेडिएटर कारागीर उघडून साफ करू शकतो. ॲल्युमिनियमचा, प्लॅस्टिकच्या टाक्यांचा असेल तर बहुधा बदलणंच बरं.

१०. वॉटर पंप

पंपाच्या अंगावर खाली एक बारीक छिद्र असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून झिरपतं. वाळलेला रंगीत ओघळ ही त्याची खूण. बेल्ट सैल करून पुली धरून हलवा. खेळ असेल तर बेअरिंग गेलं.

पंप बाहेरच्या बेल्टवर असेल तर घरी बदलता येतो. टायमिंग बेल्टवर (इंजिनाच्या व्हॉल्वची वेळ जुळवणाऱ्या दातेरी बेल्टवर) असेल तर इथे थांबा. तो बेल्ट एक दातही चुकला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

११. इथे हात थांबवा

पाणी नाहीसं होतंय आणि बाहेर कुठे ओल नाही. थंड इंजिन सुरू करून मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होतो, पाणी अजून गार असतानाच. टोपण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू केलं तर गळ्यात सतत बुडबुडे येत राहतात. सकाळी सुरू होताना एक सिलिंडर अडखळतो आणि मागून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली की हेड गॅस्केट (हेडखालचं सील) किंवा हेडच्या तड्याचा संशय धरा. डिझेल गाडीत ईजीआर कूलरही (इंजिनात परत सोडलेला जळलेला वायू पाण्याने थंड करणारा भाग) आतून गळू शकतो, तेही पाणी नाहीसं होण्याचं एक कारण.

तेलाच्या टोपणाखाली थोडी पांढरी साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका. थंडीत छोट्या फेऱ्यांनी ती बसते. पण डिपस्टिकवरचं तेलच दुधाळ दिसलं तर गाडी सुरूही करू नका, ओढून न्या. पाणी मिसळलेलं तेल बेअरिंगला धरून ठेवत नाही, आणि गॅस्केटच्या खर्चाच्या जागी अख्ख्या इंजिनाचा खर्च येतो.

हेडचं काम घरी करण्यासारखं नाही. हेड सपाट आहे का ते मोजावं लागतं, दाब देऊन तडा शोधावा लागतो, बोल्ट ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) आणि कोनाने कसावे लागतात, आणि बऱ्याच इंजिनांत ते नवेच लागतात. गळती थांबवणारी पावडर किंवा द्रव टाकून वेळ काढू नका. ते हीटरच्या बारीक नळ्या बुजवतं. मेकॅनिककडे जाताना पहिल्या दिवसापासूनची टिपणं सोबत न्या, आणि उघडण्याआधी वायूची रासायनिक तपासणी करायला सांगा. रेडिएटरच्या गळ्यावर धरलेल्या निळ्या द्रवाचा रंग बदलला, तर जळलेला वायू पाण्यात येतोय.

दुरुस्ती झाली हे कधी म्हणायचं

उभ्या गाडीवर नाही. तोच चढ, तेवढाच भार, शक्यतो तोच दुपारचा वेळ. त्याआधी सकाळी थंड गाडीच्या बाटलीवर पाण्याच्या पातळीला चिकटपट्टी लावा. चढ चढून या, गाडी रात्रभर थंड होऊ द्या, दुसऱ्या सकाळी पट्टीशी पातळी जुळवा. पहिल्या दिवशी बोटभर उतरली तर अडकलेली हवा निघाली असेल, भरून पट्टी पुन्हा लावा. तिसऱ्या सकाळीही उतरत असेल तर टॉर्च घेऊन पुन्हा पहिल्या पायरीला या.